बेरीज वीसच, पण भार कुणावर?

(अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलच्या वाढत्या हंगामाविषयी एक विचार)

द्वितीय वर्ष, कला शाखा

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने चेंडू टोलवीत धावणारे खेळाडू उभे राहतात. अमेरिकेत मात्र त्या खेळाला 'सॉकर' म्हणतात आणि 'फुटबॉल' हे नाव तेथे एका अगदी निराळ्या खेळाला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा फुटबॉल आहे. त्या खेळाचा व्यावसायिक हंगाम आणखी लांबवावा काय, आणि त्याच्या बदल्यात हंगामापूर्वीचे सरावसामने कमी करावेत काय, असा वाद तेथे कित्येक वर्षे चालू आहे. वरवर पाहता हा दूरदेशीच्या वेळापत्रकाचा प्रश्न. आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. परंतु खोलात शिरले की त्यात मालक व कामगार, मनोरंजन व शरीर, नामवंत व अनामिक अशा अनेक जोड्या समोरासमोर उभ्या असलेल्या दिसतात. म्हणूनच हा विषय अभ्यासण्याजोगा वाटला.

१. खेळाचे स्वरूप

विषयात शिरण्यापूर्वी खेळाची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू उभे राहतात. चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन किंवा फेकून पुढे सरकायचे. चार प्रयत्नांत किमान दहा यार्डांची मजल मारली तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही तर बहुधा चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या प्रमुख खेळाडूला 'क्वार्टरबॅक' म्हणतात. प्रतिपक्षाने चेंडूवाल्याला अडवून जमिनीवर पाडायचे असते. आपल्या कबड्डीत चढाईवर आलेल्या गड्याची पकड करतात, तशी पकड येथे जवळजवळ प्रत्येक डावात होते. फरक इतकाच की पकड करणारा गडी शंभर-सव्वाशे किलो वजनाचा असतो आणि तो पूर्ण वेगाने धावत येऊन आदळतो. डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर गाद्या असतात त्या याचसाठी. तात्पर्य, या खेळात धडक हा अपघात नव्हे. धडक हाच खेळ आहे. पुढील सर्व विवेचन वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

२. हंगाम कसकसा वाढत गेला

'नॅशनल फुटबॉल लीग' या संस्थेची स्थापना १९२० साली ओहायो राज्यातील कँटन या गावी झाली. तिचे आजचे नाव १९२२ पासूनचे. आज तिच्यात ३२ संघ आहेत. १९६० साली या लीगमधील प्रत्येक संघ नियमित हंगामात १२ सामने खेळत असे. १९६१ साली ते १४ झाले, १९७८ साली १६ झाले आणि २०२१ साली १७ झाले. या नियमित हंगामातील जय-पराजयावरून बाद फेरीसाठी संघ निवडले जातात आणि बाद फेरीचा शेवट फेब्रुवारीत 'सुपर बोल' या अंतिम सामन्याने होतो.

नियमित हंगामापूर्वी, ऑगस्ट महिन्यात, काही सामने केवळ तयारीसाठी खेळले जातात. त्यांचा निकाल कोठेही जमेस धरला जात नाही. हे हंगामपूर्व सामने होत. आता त्यांचा हिशेब पाहा. १९७८ पूर्वी नियमित सामने १४ व हंगामपूर्व सामने ६ होते. १९७८ पासून १६ व ४ झाले. २०२१ पासून १७ व ३ झाले. आणि जो प्रस्ताव पुन्हा पुन्हा पुढे येतो, तो १८ व २ असा आहे. लीगचे प्रमुख आयुक्त रॉजर गुडेल यांनीही २०२४ साली या दिशेला आपला कल असल्याचे जाहीरपणे सांगितले.

वाचकांनी या चार जोड्यांची बेरीज करून पाहावी. चौदा आणि सहा, वीस. सोळा आणि चार, वीस. सतरा आणि तीन, वीस. अठरा आणि दोन, वीसच! जणू 'वीस' हा आकडा दगडावर कोरलेला आहे. एका बाजूचे कमी केले की दुसऱ्या बाजूला तितकेच वाढवायचे. "एकूण सामने तर तेवढेच राहतात, मग तक्रार कसली?" असा युक्तिवाद याच बेरजेच्या आधारावर केला जातो. हा युक्तिवाद कितपत टिकतो, हेच आपल्याला पाहायचे आहे.

३. वाढीच्या बाजूचे म्हणणे

कोणत्याही वादात विरुद्ध बाजूचे म्हणणे आधी नीट मांडावे, असा संकेत आहे. हंगाम वाढवावा असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे मुळीच टाकाऊ नाहीत.

पहिला मुद्दा प्रेक्षकांचा. हंगामपूर्व सामन्यात नामवंत खेळाडू फारसे उतरतच नाहीत. लॉस एंजलिस रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांनी तर आपल्या प्रमुख खेळाडूंना या सामन्यांपासून दूर ठेवण्याचा प्रघातच पाडला. असे असताना ज्यांना संपूर्ण हंगामाची तिकिटे हवी असतात, त्यांना या सामन्यांची तिकिटेही गठ्ठ्यात घ्यावी लागतात, आणि तीही पुष्कळदा पूर्ण किमतीला. चाचणी परीक्षेला वार्षिक परीक्षेचे शुल्क आकारावे, तशातला हा प्रकार आहे. प्रेक्षकांची ही तक्रार रास्त आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. ३२ संघांचे प्रत्येकी १६ सामने म्हणजे एकूण २५६ सामने होतात. १७ केले की २७२ आणि १८ केले की २८८. म्हणजे प्रत्येक संघाचा एक सामना वाढला की दूरदर्शन कंपन्यांना विकण्यासाठी १६ नवे सामने हाती येतात. २०२१ साली लीगने प्रक्षेपणाचे जे अकरा वर्षांचे करार केले, त्यांची एकूण रक्कम १०० अब्ज डॉलरहून अधिक आहे. या उत्पन्नात खेळाडूंचाही ठरलेला वाटा असतो. तेव्हा पोळी मोठी झाली तर सर्वांचाच घास मोठा होईल, असे सांगितले जाते.

तिसरा मुद्दा दुखापतीचा. ज्या सामन्याला काही अर्थच नाही, त्यात एखादा चांगला खेळाडू जायबंदी व्हावा, याला काय म्हणावे? २००३ च्या ऑगस्टमध्ये अटलांटाचा क्वार्टरबॅक मायकेल व्हिक याचा पाय अशाच एका सामन्यात मोडला आणि नियमित हंगामाचा बराच भाग त्याला बाहेर बसून काढावा लागला.

चौथा मुद्दा अनुभवाचा. २०२० साली कोविडच्या साथीमुळे हंगामपूर्व सामने पूर्णपणे रद्द झाले. तरीही नियमित हंगामाचे सर्व २५६ सामने पार पडले. इतकेच नव्हे, तर त्या वर्षी टँपा बे संघात नव्यानेच दाखल झालेला टॉम ब्रॅडी एकही सरावसामना न खेळता हंगामात उतरला आणि त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला. मग सरावसामन्यांवाचून अडते कोठे?

शिवाय एक किरकोळ पण खरी अडचण आहे. १७ हा विषम आकडा असल्याने दरवर्षी निम्म्या संघांच्या वाट्याला एक घरचा सामना कमी येतो. १८ झाले की हा वाकडेपणा दूर होईल.

४. सामना आणि सामना यांतील अंतर

आता आपण पुन्हा त्या बेरजेकडे वळू. वीस म्हणजे वीस, हे अंकगणितात खरे आहे. परंतु अंकगणितात एकाच जातीच्या वस्तूंची बेरीज होते. येथे दोन जाती आहेत.

हंगामपूर्व सामन्यात संघाचा आधारस्तंभ असलेला खेळाडू फार तर काही मिनिटे खेळतो, बहुधा खेळतच नाही. नियमित सामन्यात तो शेवटपर्यंत झुंजतो. म्हणजे एक हंगामपूर्व सामना काढून एक नियमित सामना घातला, तर नामवंत खेळाडूच्या शरीराच्या दृष्टीने जवळजवळ काहीच कमी झाले नाही, आणि एक पूर्ण सामना वाढला. वजाबाकी कागदावर होते; बेरीज अंगावर होते. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा व्यवहार आहे.

आणि या खेळात अंगावर होणाऱ्या बेरजेला फार अर्थ आहे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर हा सतरा हंगाम खेळलेला, चार सुपर बोल जिंकलेल्या संघाचा आधारस्तंभ. निवृत्तीनंतर त्याची स्मृती व विवेक ढासळत गेला आणि २००२ साली वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो वारला. त्याच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या विकृतिशास्त्रज्ञाने केली. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा मेंदूचा ऱ्हास त्यांना त्यात आढळला आणि २००५ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. या विकाराला संक्षेपाने सी.टी.ई. म्हणतात. पुढे २०१७ साली बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी या लीगमधून खेळलेल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, तेव्हा ११० मेंदूंत हा विकार आढळला. अर्थात हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते आणि ज्यांना शंका आली त्यांनीच ते प्रामुख्याने दिले असणार. त्यामुळे सर्वच खेळाडूंना हे प्रमाण लावता येणार नाही, ही सावधगिरी बाळगली पाहिजे. परंतु २०१९ साली त्याच संशोधकांनी २६६ फुटबॉलपटूंच्या मेंदूंच्या अभ्यासावरून असे दाखवले, की खेळण्याच्या प्रत्येक वर्षागणिक हा विकार असण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. म्हणजे प्रश्न एका मोठ्या धक्क्याचा नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसे लहान लहान धक्के साचत जातात. मग सामना वाढवणे म्हणजे त्या तळ्यात आणखी पाणी सोडणेच नव्हे काय?

लीगच्या बाजूने येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सुधारलेली शिरस्त्राणे, सरावात शिरस्त्राणावर घालायची मऊ टोपी, बदललेले नियम यांमुळे मेंदूला हादरा बसण्याच्या नोंदलेल्या घटना कमी झाल्या आहेत. २०२४ सालच्या हंगामात त्या १८२ होत्या. आदल्या वर्षी त्या २१९ होत्या. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु सुरक्षिततेच्या उपायांनी जे वाचवले, ते जादा सामना घालून पुन्हा खर्ची टाकावे, हे शहाणपणाचे वाटत नाही.

५. तयारीचे मोल

"तयारीवाचून अडत नाही" या म्हणण्याचीही तपासणी केली पाहिजे. २०११ साली मालक व खेळाडू यांच्यात वेतनकरारावरून तंटा झाला आणि मालकांनी मार्चपासून जुलैपर्यंत टाळेबंदी केली. या काळात खेळाडूंना संघाच्या व्यायामशाळेत पाऊल टाकता येत नव्हते, संघाच्या वैद्यांचा सल्ला घेता येत नव्हता. टाळेबंदी उठताच शिबिरे घाईने सुरू झाली. पहिल्या १२ दिवसांतच १० खेळाडूंचा टाचेमागचा जाड स्नायुबंध तुटला आणि २९ दिवसांत हा आकडा १२ वर गेला. शरीराला हळूहळू कामाला लावण्याऐवजी एकदम जुंपले की काय होते, याचा हा धडा म्हणून वैद्यकीय नियतकालिकांतही त्याची चर्चा झाली.

उलट टोकाचे उदाहरणही आहे. २००१ सालच्या १ ऑगस्ट रोजी मिनेसोटा संघाचा कोरी स्ट्रिंगर शिबिरातील सरावानंतर उष्माघाताने मरण पावला. तेव्हा दीर्घ व कठोर शिबिर म्हणजे चांगली तयारी, असेही म्हणता येत नाही. २०११ च्या करारात एकाच दिवशी दोनदा पूर्ण धडकेचा सराव घेण्यावर बंदी आली ती योग्यच झाली.

यातून निष्कर्ष असा निघतो, की तयारीचे दिवस आणि सरावसामने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामने कमी झाले म्हणून दिवस कमी होता कामा नयेत. आज दोन संघ एकत्र येऊन नियंत्रित सराव करतात. प्रमुख खेळाडूंची पुष्कळशी तयारी त्यात होते. टँपा बेच्या उदाहरणातही एक तपशील विसरला जातो. त्या हंगामात पहिल्या बारा सामन्यांपैकी त्या संघाने सात जिंकले व पाच हरले होते. त्यानंतर मात्र तो एकदाही हरला नाही. म्हणजे सूर लागायला वेळ लागला, आणि तो वेळ नियमित हंगामातूनच गेला.

६. ज्यांचे नाव छापून येत नाही ते

या वादात नामवंतांच्या शरीराची चर्चा होते, प्रेक्षकांच्या खिशाची होते, मालकांच्या तिजोरीची होते. परंतु हंगामपूर्व सामना खरोखर ज्यांचा असतो, त्यांची चर्चा क्वचितच होते.

सराव शिबिरात प्रत्येक संघ ९० खेळाडू ठेवू शकतो. ऑगस्टअखेर ते ५३ करावे लागतात. म्हणजे प्रत्येक संघातून ३७ आणि ३२ संघांतून सुमारे ११८४ तरुण एका झटक्यात कमी केले जातात. त्यांतील काहींना राखीव सरावपथकात जागा मिळते. उरलेले घरी जातात. यातील कित्येकांची वार्षिक निवडीत कोणत्याही संघाने निवड केलेली नसते. ते केवळ शिबिराच्या बोलावण्यावर आलेले असतात. प्रशिक्षकाच्या नजरेत भरण्यासाठी त्यांना हंगामपूर्व सामन्यातील उत्तरार्ध तेवढा मिळतो. प्रेक्षक उठून घरी निघालेले असतात, तेव्हा यांचे आयुष्य पणाला लागलेले असते.

कर्ट वॉर्नरचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. १९९४ साली त्याची निवड कोणत्याही संघाने केली नाही. ग्रीन बे संघाने शिबिरातून त्याला घरी पाठवले. मग आयोवा राज्यातील एका किराणा दुकानात रात्रपाळीत फळ्यांवर माल लावण्याचे काम त्याने केले. दुय्यम स्पर्धांत, युरोपातही, खेळून तो १९९८ साली सेंट लुइस रॅम्समध्ये आला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये एका हंगामपूर्व सामन्यात संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा जायबंदी झाला आणि वॉर्नरला जागा मिळाली. त्याच हंगामात रॅम्सने सुपर बोल जिंकला, वॉर्नर सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि २०१७ साली या खेळाच्या मानदंड सभागृहात त्याची निवड झाली. एकाच सामन्याने एकाचे वर्ष बुडवले व दुसऱ्याचे आयुष्य उभे केले! हंगामपूर्व सामन्याची दोन्ही अंगे या एका घटनेत दिसतात. ग्रीनकडे पाहिले तर सामना रद्द करावासा वाटतो, वॉर्नरकडे पाहिले तर नवख्यांना अशी दारे खुली राहावीत असे वाटते.

व्हिक्टर क्रूझ याचीही १९९९ नंतरची अशीच कथा. २०१० साली निवड न झालेला हा तरुण न्यूयॉर्क जायंट्सच्या शिबिरात आला आणि जेट्स संघाविरुद्धच्या हंगामपूर्व सामन्यात त्याने तीन 'टचडाउन' केले. पुढच्याच हंगामात तो सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा प्रमुख खेळाडू होता. २०२० साली सरावसामने नव्हते, तेव्हा शिबिरातील खेळाडूंची मर्यादाही ९० वरून ८० वर आली होती. त्याही वर्षी जॅक्सनव्हिलचा निवड न झालेला जेम्स रॉबिन्सन हजारावर यार्ड धावला, हे खरे. गुणी माणूस वाट काढतो. पण म्हणून इतरांची वाट बंद करण्याचा अधिकार कुणाला पोचत नाही.

आणखी एक गोष्ट. खेळाडूंचा पगार नियमित हंगामाच्या आठवड्यांवरून मोजला जातो. हंगामपूर्व सामन्यांसाठी त्यांना अल्पसा भत्ता तेवढा मिळतो. म्हणजे तिकीट पूर्ण किमतीचे आणि मजुरी मात्र भत्त्यापुरती! हे सामने निरर्थक आहेत असे मालक म्हणतात. मग त्यांचे पैसे पुरते घेताना तो निरर्थकपणा कोठे जातो?

७. मतदानाचा बोध

सतरावा सामना खेळाडूंवर एकतर्फी लादला गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांची संघटना आहे आणि तिला लढ्याचा इतिहास आहे. १९८२ साली ५७ दिवसांचा संप झाला, त्या वर्षी नियमित हंगाम अवघ्या ९ सामन्यांचा उरला. १९८७ च्या संपात मालकांनी बदली खेळाडू आणून तीन आठवडे सामने चालवले. २०११ साली मालकांनी १८ सामन्यांची मागणी केली होती; संघटनेने ती परतवून लावली.

२०२० च्या मार्चमध्ये मात्र नव्या करारावर मतदान झाले आणि सतराव्या सामन्याची वाट मोकळी झाली. बाजूने मते पडली १,०१९ आणि विरुद्ध ९५९. केवळ ६० मतांचा फरक! ॲरन रॉजर्स, जे. जे. वॉट, रिचर्ड शर्मन या नामवंतांनी उघड विरोध केला होता. मग बाजूने कोण होते? त्या कराराने नवख्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ४ लाख ९५ हजार डॉलरवरून ६ लाख १० हजार डॉलरवर गेले. किमान वेतनावर खेळणाऱ्यांचा संघटनेत मोठा भरणा आहे. संघटनेच्याच म्हणण्यानुसार खेळाडूची सरासरी कारकीर्द जेमतेम सव्वातीन वर्षांची असते. ज्याला ठाऊक आहे की आपण तीनच वर्षे कमावणार, तो आज मिळणारी वाढ कशी नाकारील? कोट्यवधी मिळवणारा माणूस शरीराचा विचार करू शकतो. काठावरच्या माणसाला आधी पगाराचा विचार करावा लागतो. त्यांना दोष देता येत नाही. पण "खेळाडूंनी स्वतःच संमती दिली" असे म्हणताना, ती संमती कोणत्या परिस्थितीत दिली जाते, हेही पाहिले पाहिजे. गरजेपोटी दिलेला होकार हा होकारच असतो. मात्र तो मागणाऱ्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही, उलट वाढते.

८. विक्रम आणि दुर्मीळता

क्रीडारसिकांचा एक आक्षेप थोडक्यात पाहू. १९७३ साली ओ. जे. सिम्पसन १४ सामन्यांत २,००३ यार्ड धावला. १९८४ साली एरिक डिकरसनने १६ सामन्यांत २,१०५ यार्डांचा विक्रम केला. २०२४ साली सॅक्वॉन बार्कली १६ सामन्यांत २,००५ यार्डांवर पोचला होता आणि सतरावा सामना शिल्लक होता. परंतु बाद फेरीसाठी त्याला विश्रांती देण्यात आली. लांबट हंगामाने विक्रमाची संधी दिली आणि त्याच हंगामाच्या थकव्याने ती परत घेतली, असेही म्हणता येईल! विक्रमांची तुलना बिघडते, हा आक्षेप मला स्वतःला फार मोठा वाटत नाही. त्याहून दुर्मीळतेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील बेसबॉलचा संघ हंगामात १६२ सामने खेळतो, बास्केटबॉलचा ८२. फुटबॉलचे सतराच, म्हणून तेथे प्रत्येक रविवार सणासारखा असतो. रोज पुरणपोळी केली तर तिची गोडी राहील काय?

९. निष्कर्ष

या सर्व विवेचनाअंती माझे मत असे झाले आहे, की या प्रस्तावात दोन स्वतंत्र प्रश्न मुद्दाम एकाच गाठीत बांधलेले आहेत. हंगामपूर्व सामने कमी करावेत काय, हा एक प्रश्न. नियमित सामने वाढवावेत काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'होय' आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप 'होय' होत नाही. सरावसामने निरुपयोगी असतील तर ते कमी करा. त्यासाठी भरपाई कशाला हवी? वीस ही बेरीज कोणत्या शास्त्रात सांगितली आहे? सतरा आणि दोन मिळून एकोणीस झाले, तर खेळाला कोणता बाध येतो? बाध येतो तो फक्त विक्रीला.

म्हणून मला पुढील मार्ग रास्त वाटतो. नियमित सामने सतरावरच थांबवावेत. हंगामपूर्व सामने दोन ठेवावेत. ते मुख्यतः नवख्या खेळाडूंचे म्हणूनच जाहीर करावेत, त्यांचे तिकीट स्वस्त व ऐच्छिक असावे आणि त्यात उतरणाऱ्याला भत्त्याऐवजी खरा मेहनताना मिळावा. शिबिराचे दिवस व ९० खेळाडूंची मर्यादा कमी करू नये. आणि हंगामात प्रत्येक संघाला जो विश्रांतीचा एकच आठवडा मिळतो, तेथे दोन द्यावेत. १९९३ साली हा प्रयोग झाला होता, पण दूरदर्शनच्या प्रेक्षकसंख्येच्या विचाराने तो एका वर्षातच सोडून देण्यात आला. त्या वेळी खेळाडूंच्या मेंदूविषयी आजच्याइतके ज्ञान नव्हते. आज ते आहे.

२०२० चा करार २०३० च्या हंगामापर्यंतचा आहे आणि त्यात अठराव्या सामन्याला संघटनेच्या संमतीवाचून जागा नाही. तेव्हा हा प्रश्न पुन्हा वाटाघाटीच्या मेजावर येणार, हे निश्चित. त्या वेळी 'एकूण सामने तेवढेच आहेत' हे वाक्य पुन्हा ऐकू येईल. ते ऐकणाऱ्याने एवढेच विचारावे: जो सामना काढला, तो कुणाच्या संधीचा होता, आणि जो घातला, तो कुणाच्या अंगावर पडणार आहे?